पाचवरची शेवटची साइट

"चाललं!" स्नेहल खुर्चीतूनच ओरडली.

तिच्या स्क्रीनवर पावणे एमआयडीसीतल्या रंगकारखान्याची ऑर्डरची साइट उघडली होती. ऐरोलीच्या त्या ऑफिसच्या सर्व्हरवर साइट चालवणाऱ्या पीएचपी या भाषेची दोन व्हर्जन शेजारीशेजारी चालत, जुनं पाच आणि नवं आठ. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, पण ही दोघं सहा वर्षं गुण्यागोविंदाने नांदली. बाकी सगळ्या साइट एकेक करून आठवर गेल्या. पाचवर ही एकच उरली होती, आणि तिच्यामुळे कमळाकरांची नोकरी. पाच जाणणारे ऑफिसात ते एकटेच होते.

मॅनेजर तेजस लगबगीने आला. "मस्त! पाच काढून टाक आता." मग त्याला स्नेहलशेजारी बसलेले कमळाकर दिसले. "सर, एकतीस तारीख तुमचा शेवटचा दिवस, त्याचं एचआरशी बोललोय मी. टेन्शन घेऊ नका, अनुभवाचं लेटर चांगलं देतील."

"बरं," कमळाकर म्हणाले. वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल होतो तसं आतलं सगळं बधिर झालं होतं.

सवयीने त्यांची नजर उघड्या फाइलवर गेली. साइटला कोणतं व्हर्जन द्यायचं ते सांगणारी ओळ पोरीने बदलली होती खरी, पण टेस्टिंगच्या कॉपीत. खरी फाइल तशीच होती. म्हणजे समोरचं पान अजून पाचच चालवत होतं.

आता पाच काढलं की साइट आडवी होणार. कारखान्याच्या ऑर्डरी अडकणार. मग हेच लोक 'सर, सर' करत येतील आणि एकतीस तारीख विसरून जातील. त्यासाठी नुसतं गप्प बसायचं होतं. कमळाकर गप्प बसले. स्नेहलने पाच काढायची कमांड लिहिली. तिचं बोट एंटरवर गेलं.

"थांब गो," ते म्हणाले. "ही अजून पाचवरच हाय. तू टेस्टच्या फाइलीत बदललंस."

स्नेहलचा चेहरा खर्रकन उतरला. तिने खरी फाइल उघडली, पाचाचे आठ केले आणि सर्व्हरला नवं सेटिंग घ्यायला लावलं.

बारा वर्षांपूर्वी कमळाकरांनी लिहिलेला कोड होता तो. आठला चालेल असा करायला गेला महिनाभर त्यांनीच तिला मदत केली होती. तरीही या घडीला त्यांना मनापासून वाटलं, साइट पडावी. एकदाच पडावी.

पान उघडलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत.

"बाप रे, किती फास्ट!" स्नेहल म्हणाली आणि तिने जीभ चावली.

कमळाकरांनी हात पुढे करून पान पुन्हा एकदा उघडून पाहिलं.

"हाय खरं," ते म्हणाले. "आदीच करायला पायजे होतं."