दोन ग्रॅम

माणूस खोटं बोलतो, वजनकाटा कधीच बोलत नाही. खराडीतल्या सुदर्शनचं हे ठाम मत रविवारी सकाळी अकरापर्यंत टिकलं.

अकराला त्याने बाबांच्या टर्नटेबलच्या, म्हणजे जुन्या तबकड्या वाजवायच्या यंत्राच्या, सुई असलेल्या दांडीचं मागचं गोल वजन फिरवलं. दांडी हवेत आडवी तरंगली, म्हणजे सुईचा भार शून्य. मग त्याने सुई छोट्या वजनकाट्यावर टेकवली. दोन ग्रॅम.

घरात असताना बाबा दांडीच्या डोक्यावर तर्जनी ठेवून म्हणायचे, “दोन ग्रॅम भार पाहिजे रे. माझ्या बोटाला कळतं.” ते वाघोलीच्या वृद्धाश्रमात पंधरा दिवसांसाठी गेले, त्याला आठ महिने झाले. टर्नटेबल मात्र राहिलं. हॉलमध्ये शोभतं.

सुदर्शनने वजन पार मागच्या टोकाला नेलं. आता दांडीचं डोकं वर उडायला हवं होतं. ते हळूच खाली आलं. पुन्हा दोन ग्रॅम.

“अहो, बाबांनाच घेऊन या,” रुपाली म्हणाली.

“त्यांच्या खोलीत माझं ऑफिस आहे.”

“हो ना. म्हणून तर रोज सोफ्यावर बसून काम करता.”

त्याने वाघोलीला फोन लावला. तिथल्या मुमताजबाई हसल्या. “आजोबा मजेत आहेत. सकाळपासून एक बोट तेवढं हवेत धरून बसलेत. खाली घ्या म्हटलं, तर म्हणतात, मुलगा गाणं लावतोय.”

सुदर्शनने फोन ठेवला आणि काट्याकडे पाहिलं. दोन ग्रॅम.

टर्नटेबलच्या माहितीपुस्तिकेतही तेवढाच भार सांगितला आहे.