तुरुंगातला बी.ए.

आदिनाथ तुरुंगात राहून बी.ए. झाला, म्हणून त्याची फी भरणाऱ्या ट्रस्टचे साहेब शाल-नारळ घेऊन शिरूरला त्याच्या आईच्या दारात आले. छबुबाईनं अंगावर घातलेली शाल काढली आणि आदिनाथच्या लेकीच्या, वैष्णवीच्या खांद्यावर टाकली.

"मान हिच्या आईचा हाय. त्या साली ती म्हनली, औंदा ऊस तोडायला येत न्हाई, कालिजात जाते. नवरा-बायकूची जोडी मोडली तर मुकादम कामावर घेईना, म्हनून तुमच्या बी.ए.नं तिला कोयत्यानं उभी कापली. आता हिला तरी कालिजात घाला."

साहेब खाली बघत म्हणाले, "आजी, आमचा निधी फक्त कैद्यांसाठी आहे."

छबुबाईनं कुडात खोचलेला कोयता उपसला आणि नातीच्या हातात दिला.

"घे माय. तुज्या बापाला कालिजाची वाट कोयत्यानंच दावली."