खिडकीतला हात

भोंगा वाजला तशी नदीत धुणं धुणारी म्हातारी आवरू लागली, पण तिला कसली घाईच नव्हती. पिळलेलं लुगडं तिने पुन्हा एकदा झटकलं. काठावर उभे असलेले दळवी पुढे धावले.

"मावशी, आधी वर या!" म्हणत ते पाण्यात उतरले आणि तिला दंडाला धरून ओढत वर घेऊन आले. तेवढ्यात धरणाखालच्या छोट्या वीजकेंद्रातून पाणी सुटलं आणि धुण्याचा दगड बघता बघता बुडाला.

त्या केंद्रात दळवींनी सगळी नोकरी काढली होती. ते भोंगा द्यायचे आणि खिडकीत उभे राहायचे. म्हातारी काठावर चढून हात करायची, तेही हात करायचे, मगच पाणी सोडायचे. खाली येऊन चार शब्द बोलायचं मात्र राहूनच गेलं. काल ते निवृत्त झाले आणि आजपासून केंद्र शहरातल्या ऑफिसातून चालवलं जाऊ लागलं. तिथून हा दगड दिसत नाही. आज ते बिऱ्हाड हलवण्याआधी तिचा निरोप घ्यायला आले होते.

"असं कधी केलं न्हाई त्यानं," म्हातारी धापा टाकत म्हणाली. "मी हात केल्याबिगर पानी सोडायचा न्हाई."

"तो आता नाही तिथं," एवढंच दळवींना बोलता आलं.

"गेला? मग सांगून तरी जायचं की मेल्यानं!"

तरीही सवयीने तिने बंद खिडकीकडे हात केला. शेजारी उभ्या दळवींचा हात आपसूक वर गेला. ती खिडकीकडेच बघत होती.