अज्जांच्या गोळ्या

महेश्वरीचा, माझ्या नातीचा, साखरपुडा झाला त्या वर्षी ती सोलापुरातल्या घरीच बसून कंपनीचं काम करायची. औषधांतल्या रसायनांच्या आकृत्या कॉम्प्युटरमध्ये भरायच्या, असं ते काम होतं.

"अज्जी, एका औषधाची दहा नावं असतात. कॉम्प्युटर नावाला फसत न्हाय. आकृती बघून सांगतो, हे दोन्ही एकच," ती म्हणाली.

माझे मालक, तिचे अज्जा, खाटेवरून हसले. "मग माझ्या साखरेच्या दुखण्याच्या गोळ्याबी घाल की त्यात. एक आपल्या डॉक्टरची, एक दुधनीच्या व्याह्यांनी परवा दिलेली. नवे व्याही, त्यात डॉक्टर. न्हाय कसं म्हणू?"

"अज्जा, हे शास्त्रज्ञांसाठी हाय. तुमच्या गोळ्या कशाला त्यात?"

मी साठीनंतर अक्षरं शिकले. दोन्ही पाकिटांवरची मोठी नावं बोट ठेवून वाचली आणि म्हणाले, "नावं येगळी हायेत की. घ्या दोन्ही."

श्रावणी सोमवारच्या उपासात त्यांनी दोन्ही गोळ्या घेतल्या आणि देवळाच्या पायरीवर कोसळले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाकिटं उलटी करून बारीक अक्षरं वाचली.

"हे दोन्ही एकच औषध आहे. साखर पार उतरलीय. घरात औषधांतलं कळणारं कुणी नाही का?"

महेश्वरी माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना. शेवटी मीच म्हणाले, "न्हाय, कुणी न्हाय."



माझे पती बसप्पा त्याच सोमवारी दुपारी वारले.