ठणठणीत

आरोग्य केंद्राच्या बाकांवर त्या सकाळी एकही आजारी माणूस नव्हता. खोकणाऱ्या-कण्हणाऱ्यांना फाटकावरूनच 'उद्या या' म्हणून वाटेला लावलं होतं. भगिनी शहराचे चार पाहुणे समुद्र ओलांडून आपली आरोग्य योजना बघायला येणार, त्यांच्यापुढे रोगी कसले बसवायचे? बाकांवर केंद्राचीच माणसं बसली होती, धुतलेल्या कपड्यांत, हातात तपासणीची कार्डं धरून.

पहिल्या बाकावर साफसफाई करणारी मावशी. तिचं कार्ड काल दुपारी एका बैठकीत भरलेलं. बारा महिने, बारा तपासण्या, रक्तदाब उत्तम. शिवाय योजनेची वस्तीप्रमुखही तीच होती. हे तिला आज सकाळीच कळलं.

"तुम्ही फक्त बसायचं," केंद्राचे साहेब म्हणाले. "विचारलं तर सगळं छान म्हणायचं."

साहेबांचं भाषण रंगात आलं. पण पाहुण्यांतली पांढऱ्या केसांची डॉक्टरीण भाषणं ऐकणाऱ्यांतली नव्हती. तिने सरळ मावशीच्या दंडाला पट्टा गुंडाळला. आकडा पाहिला, थांबली, दुसऱ्या दंडाला गुंडाळला. मग मावशीचा हात धरून ती दुभाषी मुलीशी भरभर बोलली.

मुलगी साहेबांच्या कानाशी गेली. "वरचा दोनशे तीस आहे. घरी पाठवू नका म्हणतात. आत्ताच्या आत्ता भरती करा, नाहीतर कधीही काहीही होईल."

साहेबांचं हसू जागचं हललं नाही, आवाज मात्र कुजबुजीवर आला. "कार्डावर एकशे वीस लिहिलंय. हिला भरती केली की कार्ड खोटं पडलं, आणि वर्षभराचं मुसळ केरात. बाईंना सांग, सोय करतो. आणि हिला घाबरवू नकोस. पुढच्या महिन्यात त्यांच्या शहरात जाणाऱ्यांत तुझं नाव आहे ना?"

होतं. यादीत शेवटचं, पण होतं.

मावशी दोघांच्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणाल्या बाई? आठ दिवस डोकं फुटतंय, ते सांगू का त्यांना?"

"म्हणाल्या, तुम्ही अगदी ठणठणीत आहात," मुलगी म्हणाली.

मग पाहुणीकडे वळून तिने सांगितलं, भरतीची सोय होतेय. डॉक्टरिणीने समाधानाने मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो फार सुरेख आला.

गाड्या गेल्या तशी मावशीने बादली भरायला घेतली. मुलीला राहवेना. लाज वाटली तिला, पण तीही पाहुण्यांची पाठ वळल्यावर.

"मावशी, ते ठेवा. माझ्याबरोबर मोठ्या दवाखान्यात चला."

"आता कशाला?" मावशी खुशीत होती. "सून रोज मागे लागायची, दाखवून या, दाखवून या. आज तिचं तोंड बंद करते. एवढ्या लांबच्या डॉक्टरिणीने दोन्ही दंड तपासले माझे."

"मी खोटं सांगितलं, मावशी. त्या तसं म्हणाल्या नव्हत्या."

मावशीने फडकं पिळता पिळता तिच्याकडे पाहिलं आणि हसली.

"मस्करी करता गरिबाची. शिकलेली माणसं तुम्ही, जिवाच्या गोष्टीत खोटं कशाला सांगाल?"