तीन बोटं
पंधरा दिवस झालं प्रसेनजीतचा जबडा कानाजवळ असला ठणकत हुता की भाकरीचा तुकडा आत जाईना, आणि वडलांचं, आबांचं, एकच, "तंबाखूचा मावा चघळणाऱ्याचंच तोंड असं आखडतंय. खरं निघालं तर क्लास बंद, गावाकडं राधानगरीला म्हशी राख." राजारामपुरीच्या दवाखान्यात बाकावर बसून पोरगं एकच घोकत हुतं. मावा खाल्ला न्हाय, ह्ये पटवायचं कसं? डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारून तोंड बघितलं. "मावा नाही हा. परीक्षेच्या काळजीनं झोपेत दात आवळतोय, सांधा सुजलाय." प्रसेनजीतनं श्वास सोडला, तवर बाई म्हणाल्या, "सूज उतरली की तोंडात तीन बोटं उभी बसली पाहिजेत. आबा, दाखवा त्याला." आबांनी ऐटीत बोटं उचलली. एक गेलं, दुसरं दातांवर अडलं. परत रेटलं, जाईना. बाईंनी टॉर्च वळवली तसं आबांनी तोंड गपकन मिटलं. "आबा," आपला जबडा धरून पोरगं म्हणालं, "उघडा की."