हरकत

"बाबा, व्हेंटिलेटर काढायला तुमची हरकत नाही ना?" मृण्मयीने विचारलं. डॉक्टर तिच्या मागेच उभे होते.

देवस्थळी सर बायकोच्या बोटांकडे बघत राहिले. अरब देशांचे तह आणि चळवळी शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. दर वर्षी पहिल्या तासाला ते फळ्यावर 'हरकत' असं लिहायचे. "शब्द मूळचा अरबी. तिकडे अर्थ हालचाल, चळवळ. आपल्याकडे येऊन त्याचा आक्षेप झाला." पोरं हसायची.

कुमुद घरी टोमणा मारायची. "अहो, जगाच्या चळवळी शिकवता आणि खुर्चीतून हलत नाही. चहा हवाय ना? मग उठा, करा जरा हरकत."

"बाबा?"

त्यांनी कुमुदचा हात हातात घेतला. रडू येईल असं वाटलं होतं, पण आत काहीच होत नव्हतं.

"कुमुद, जरा हरकत कर गं," ते वर्गातल्या आवाजात म्हणाले आणि थांबले. बराच वेळ थांबले. मग तिचा हात त्यांनी चादरीवर नीट ठेवला.

"हरकत नाही," ते म्हणाले.

डॉक्टरांनी ते मराठीत ऐकलं आणि ते यंत्राकडे वळले.